वाचकांचे प्रश्न : यंत्रांच्या वहीला गिऱ्हाईक कोण?

अलीकडे आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरत असल्यामुळे या वेळचा संपूर्ण स्तंभ त्यालाच दिला आहे. सेन्सर, मीटर, वजनकाटे अशी इंटरनेटला जोडलेली यंत्रे जे मोजतात ते ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी राहणाऱ्या सामाईक वहीत, नोंदवून ठेवण्याची सेवा नेमकी कुणी विकत घ्यावी, हा तो विषय. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आम्ही चौघांनी मिळून एक सेवा उभी केली आहे. सेन्सरमध्येच बसवलेली चिप प्रत्येक नोंदीवर डिजिटल सही करते आणि ती नोंद ब्लॉकचेनवर जाते, त्यामुळे नंतर तिच्यात कुणाला गुपचूप फेरफार करता येत नाही. शीतगृहे, रुग्णालये, गृहनिर्माण संस्था, कारखाने, शेतकरी गट अशा अनेकांना आम्ही भेटलो. सर्वांनी कौतुक केले, काहींनी फुकट चाचणीही करून पाहिली. पण पैशांची गोष्ट निघाली की विषय थंडावतो. आमचा ग्राहक नेमका कोण? (एक नवउद्योजक, पुणे)

उत्तर : आपली यादी पाहिली. तिच्यातील सर्वांना जोडणारा धागा एकच दिसतो : या सगळ्यांकडे सेन्सर आहेत किंवा उद्या असू शकतात. ज्याच्याकडे यंत्र तो आपला ग्राहक, असे आपण धरून चालला आहात आणि माझ्या मते घोडे तिथेच पेंड खाते आहे. अमुक वेळी अमुक आकडा नोंदला गेला आणि त्यानंतर तो कुणी बदललेला नाही, एवढीच हमी ब्लॉकचेन देते. या हमीला किंमत येण्यासाठी तो आकडा बदलण्यात कुणाचा तरी फायदा असावा लागतो आणि समोरच्याच्या मनात तसा संशयही असावा लागतो. आपल्याच कारखान्यातील बॉयलरचे तापमान आपणच पाहणाऱ्या मालकाला स्वतःवर संशय घेण्याचे काही कारण नसते. त्याला साधा डेटाबेस पुरतो, तो स्वस्तही पडतो, म्हणून तो आपले कौतुक करून चहा पाजतो आणि निरोप देतो.

तेव्हा यंत्रे मोजणे सोडून भांडणे शोधावीत. ज्या आकड्यावरून दोन व्यवसायांमध्ये पैसे अडकतात, तो आकडा मोजणारे यंत्र दोघांपैकी एकाच्या ताब्यात असते आणि दोघांनाही मान्य असा तिसरा नोंदणीदार उपलब्ध नसतो, तिथे आपले गिऱ्हाईक बसलेले असते. पहिल्या भेटीत सेवेची महती सांगण्याऐवजी ‘गेल्या वर्षी या आकड्यावरून आपली किती रक्कम वादात गेली?’ एवढेच विचारून पाहावे. उत्तर रुपयांत आले तर बोलणे पुढे न्यावे. ‘तसे काही विशेष नाही’ असे आले, तर त्या घरी आपल्या मालाला उठाव नाही.

औषधांची वाहतूक हे याचे चांगले उदाहरण आहे. युरोपीय संघाने २०१३ मध्ये औषध वितरणाची मार्गदर्शक तत्त्वे कडक केली आणि माल वाहतुकीतही ठरलेल्या तापमानात राहिला हे दाखवून देण्याची जबाबदारी वितरकांवर आली. केवळ शीतपेटीतील लसीच नव्हेत, तर साध्या खोलीच्या तापमानाला ठेवायच्या गोळ्याही त्यात आल्या. स्वित्झर्लंडमधील मोडम या नवउद्योगाने नेमकी हीच फट हेरली. पार्सलमध्ये लहानसा सेन्सर ठेवायचा, पार्सल पोहोचल्यावर फोनने त्यातील नोंदी वाचायच्या आणि त्या मर्यादेत होत्या की नाही याचा निवाडा इथेरियम या ब्लॉकचेनवरील स्मार्ट करारावर, म्हणजे ठरलेली अट आपोआप तपासणाऱ्या प्रोग्रामवर, सोपवायचा, अशी त्यांची मांडणी होती. येथे सेन्सर ट्रकमध्ये असला तरी ट्रकमालक हा ग्राहक नव्हता आणि रुग्णालयही नव्हते. तपासणी अधिकाऱ्यासमोर कागद ठेवण्याची ज्याच्यावर पाळी येते, तो वितरक ग्राहक होता. आपल्याकडेही औषध कंपनीत गेल्यास आयटी विभागाच्या आधी गुणवत्ता विभागाचे दार ठोठवावे.

दुसरे उदाहरण यंत्रांचे नाही, पण शिकण्यासारखे आहे. टेलिकॉम नियामक प्राधिकरणाने २०१८ मध्ये व्यावसायिक एसएमएससाठी नवे नियम केले आणि पाठवणारी संस्था, तिचे शीर्षक (संदेशावर दिसणारे पाठवणाऱ्याचे छोटे नाव) व संदेशाचा नमुना यांची नोंद डीएलटी या ब्लॉकचेनसारख्या वितरित खातेवहीत करणे बंधनकारक केले. ८ मार्च २०२१ रोजी नमुन्याशी जुळणी न झालेले संदेश अडवायला सुरुवात होताच बँकांचे ओटीपी रखडले आणि नियामकाला ती अंमलबजावणी काही दिवस थांबवावी लागली. व्यवसायासाठी एसएमएस पाठवणाऱ्या वाचकांना ती धावपळ आठवत असेल. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मोबाइल कंपन्या, त्यांच्यापैकी एकीच्या हाती सगळी वही देण्यास बाकीच्या नाखूश आणि वर नियामकाचा बडगा, या तिन्ही गोष्टी जुळल्या म्हणून ही व्यवस्था टिकली. हौस म्हणून कुणीही तिच्यात आले नव्हते.

तिसरे उदाहरण उलट बाजूचे. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये जहाजवाहतुकीसाठी ट्रेडलेन्स हा मंच आणला. एमएससी, सीएमए सीजीएम यांसारख्या बड्या कंपन्याही पुढे त्यात सामील झाल्या. तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये तो बंद करण्याची घोषणा झाली आणि अपेक्षित जागतिक सहकार्य मिळू शकले नाही, असे कारण देण्यात आले. वही सामाईक असली तरी ती ज्याच्या पेढीवर उघडली आहे तो आपला प्रतिस्पर्धी असेल, तर इतर व्यापारी तिच्यात मनापासून लिहीत नाहीत. आपण कुणा एका मोठ्या कंपनीच्या पाठबळावर उभे राहण्याचा विचार करत असाल, तर हे आधीच तपासावे.

जिथे सर्व पक्षांना मान्य असा एकच मालक आहे, तिथे वेळ घालवू नये. सरकारी लसीकरणातील शीतपेट्यांचे तापमान आणि लससाठा यांवर ईव्हिन नावाची प्रणाली लक्ष ठेवते. लस सरकारची, पेटी सरकारची, वहीही सरकारची. न्हावा शेवा बंदरात २०१६ पासून कंटेनरला आरएफआयडी (रेडिओलहरींनी वाचता येणारे) टॅग लावून त्यांचा माग काढला जातो, तोही एका मध्यवर्ती व्यवस्थेतून. दोन्हीकडे यंत्रे भरपूर आहेत, पण वही कुणी धरायची यावर तंटा नाही.

आता तंत्राविषयी थोडे, कारण ग्राहकाकडचा एखादा जाणकार हा हिशेब नक्की मांडेल. दर मिनिटाला एक नोंद करणारा सेन्सर दिवसाला १,४४० नोंदी करतो. असे हजार सेन्सर असतील तर १४ लाख ४० हजार. बिटकॉइनचे जाळे सेकंदाला साधारण ७ व्यवहार पेलते, म्हणजे दिवसाला सुमारे ६ लाख. एका मध्यम शीतसाखळीच्या नोंदींनी ते संपूर्ण जाळे दोनदा भरून वाहील. म्हणून प्रत्येक नोंद साखळीवर चढवण्याऐवजी तासाभराच्या सर्व नोंदींचा मिळून एकच डिजिटल ठसा (एखादा आकडा बदलला तरी बदलणारी छोटी सांकेतिक संख्या) काढायचा आणि तेवढाच चढवायचा, हा रूढ मार्ग आहे. दिवसाला २४ ठसे पुरतात आणि मूळ आकडे ग्राहकाच्याच सर्व्हरवर राहतात. आपल्या पत्रात ‘प्रत्येक नोंद ब्लॉकचेनवर’ असे जे वाक्य आहे, ते माहितीपत्रकातही असेल तर आजच काढून टाकावे.

नव्या ग्राहकाचा शोध घ्यायचाच असेल, तर आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर वाहन उद्योगाचे चाकण आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून युरोपच्या बाजारात येणाऱ्या विद्युत वाहनांच्या, ई-बाईकसारख्या हलक्या वाहनांच्या आणि २ किलोवॉट-तासांपेक्षा मोठ्या औद्योगिक बॅटऱ्यांना क्यूआर कोडसह डिजिटल पासपोर्ट, म्हणजे बॅटरीची माहिती देणारी नोंद, लागेल. त्यात ब्लॉकचेनची सक्ती कुठेही नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे, नाहीतर आपलीच फसगत होईल. पण बॅटरीची उरलेली क्षमता तिच्यातील नियंत्रक यंत्र मोजते. गाडीतून उतरवलेली जुनी बॅटरी सौरऊर्जेच्या साठवणीसाठी विकत घेणारा मनुष्य विकणाऱ्याच्या शब्दावर सहजासहजी विश्वास ठेवत नाही. यंत्राने मोजलेला आकडा, त्यावर ठरणारी किंमत आणि एकमेकांना न ओळखणारे दोन पक्ष, असा योग येथे जुळतो. युरोपात बॅटऱ्या पाठवणारे उत्पादक आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे यांच्यापासून सुरुवात करता येईल.

प्रश्न : मी द्राक्ष निर्यातदार आहे. माझ्या पॅकहाउसमधील आणि कंटेनरमधील तापमान ब्लॉकचेनवर नोंदवून देण्याची सेवा एका कंपनीने दर कंटेनरमागे ठरावीक शुल्क आकारून देऊ केली आहे. ‘बागेपासून बाजारापर्यंत संपूर्ण माग’ असे त्यांच्या माहितीपत्रकात लिहिले आहे. मी ती घ्यावी का? (एक बागायतदार, जि. नाशिक)

उत्तर : माहितीपत्रकातील त्या एका वाक्यात दोन वेगळ्या वस्तू एकत्र बांधून विकल्या जात आहेत, त्या आधी सोडवून पाहाव्यात.

बागेचा माग ही पहिली वस्तू. ती आपल्याकडे आहेच. अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात प्राधिकरणाच्या ग्रेपनेटमध्ये २००६ पासून निर्यातक्षम बागांची नोंदणी होते आणि पेटीवरून थेट प्लॉटपर्यंत पोहोचता येते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षे अडकली, तेव्हा निर्यातदारांवर काय ओढवले ते आपणास सांगायला नको. ग्रेपनेट ही साधी मध्यवर्ती प्रणाली आहे. पण आपण, प्रयोगशाळा आणि तिकडचा आयातदार हे सर्व अपेडाची नोंद मानतात, त्यामुळे तिला ब्लॉकचेनची गरज पडली नाही. त्याच मागासाठी दुसऱ्यांदा पैसे मोजू नयेत.

तापमान ही दुसरी वस्तू, आणि तिच्यात मात्र दम असू शकतो. रीफर, म्हणजे शीतयंत्र बसवलेला कंटेनर थंड माल थंड ठेवतो. गरम माल थंड करणे हे त्याचे काम नाही, म्हणून प्रीकूलिंग (भरण्याआधी माल थंड करणे) कमी पडले की पुढे सगळेच बिघडते. नंतर न्हावा शेव्यापर्यंतचा रस्ता, बंदरातील थांबा आणि पुढे कित्येक आठवड्यांचा समुद्रप्रवास. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा तो प्रवास आणखी लांबला. तिकडे दार उघडल्यावर देठ तपकिरी पडलेले आणि मणी गळालेले दिसले, की सर्वेक्षक दाराजवळच्या पेटीतील बोटभर लॉगर (तापमान नोंदणारे यंत्र) काढून त्यातील आलेख पाहतो. मग प्रश्न उभा राहतो की दोष कुणाचा : प्रीकूलिंग घाईत उरकणाऱ्या पॅकहाउसचा, डिझेल वाचवण्यासाठी वाटेत जनरेटर बंद ठेवणाऱ्या वाहतूकदाराचा, की जहाज कंपनीचा? प्रत्येकाकडे आपापली नोंद असते आणि प्रत्येकाची नोंद त्याला निर्दोष ठरवते.

हा वाद आपल्या वाट्याला दर हंगामात येत असेल, तरच सेवा घेण्याचा विचार करावा. त्याआधी आपल्या आयातदाराला आणि विमा कंपनीला लेखी विचारावे की दाव्याच्या वेळी या नोंदी ते ग्राह्य धरतील का. ते ‘पाहू’ म्हणत असतील तर आपण ज्या कागदासाठी पैसे मोजणार आहोत तो कुणी वाचणारच नाही, असे समजावे. देशातील कोर्टकचेरीपुरते सांगायचे, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत द्यायच्या प्रमाणपत्रात त्या नोंदीचा हॅश, म्हणजे वर सांगितलेला डिजिटल ठसा, लिहावा लागतो. त्यामुळे असा ठसा वेळच्या वेळी काढून ठेवलेला असणे उपयोगाचे आहे. मात्र केवळ ब्लॉकचेनचे नाव घेतल्याने पुरावा आपोआप सिद्ध होत नाही.

आणखी एक गोष्ट करारात लिहून घ्यावी : कंपनी उद्या बंद पडली, तर जुन्या नोंदी कशा पडताळायच्या? ही शंका उगाच काढलेली नाही. मायक्रोसॉफ्टने आपली अझूर ब्लॉकचेन सेवा सप्टेंबर २०२१ मध्ये गुंडाळली आणि ॲमेझॉनने फेरफाररोधक नोंदींसाठी काढलेला क्यूएलडीबी हा डेटाबेस जुलै २०२५ अखेर बंद केला. एवढ्या मोठ्यांची ही गत, तर आपल्या दारात आलेल्या कंपनीला हा प्रश्न विचारण्यात संकोच कसला? सर्व मूळ नोंदी दर हंगामाच्या शेवटी आपल्या ताब्यात मिळाव्यात आणि पडताळणीसाठी त्यांच्या संकेतस्थळाची गरज लागू नये.

प्रश्न : घरातील फ्रिज, वॉशिंग मशीन, कॅमेरे ही या सेवेची सर्वांत मोठी बाजारपेठ ठरेल, असे आमच्या प्रकल्पात लिहिले आहे. ते बरोबर आहे का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : आकड्यांनी मोठी, गरजेने फार लहान. आयबीएम आणि सॅमसंग यांनी २०१५ मध्ये ॲडेप्ट नावाच्या प्रयोगात पावडर संपत आली की ती स्वतःच मागवणारे वॉशिंग मशीन दाखवले होते. दहा वर्षांनंतरही पावडर आपण वाण्याकडून किंवा ॲपवरून मागवतो आहोत, कारण त्या व्यवहारात कुणालाच वहीची खोट भासत नव्हती. घरगुती यंत्रांची खरी दुखणी वेगळी आहेत. ऑक्टोबर २०१६ मध्ये मिराई या घातक प्रणालीने कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन त्यांच्याकरवी संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर हल्ला केला आणि अनेक मोठी संकेतस्थळे काही तास कोलमडली. मिराई अशा यंत्रांत शिरत असे ती कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदललेच नसल्यामुळे. त्यावर उपाय म्हणून ब्लॉकचेन सुचवणे म्हणजे उघड्या दाराच्या घरात हिशेबाची वही कुलपात ठेवणे. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने व्यक्तीला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे, आणि न पुसता येणारी वही घरात आणताना याचा विचार आधी करावा लागेल.

प्रश्न : ऊस तोडून नेला की कारखान्याच्या काट्यावर किती वजन भरेल याची खात्री नसते. ऑनलाइन काटे आणि ब्लॉकचेन आले तर काटामारी थांबेल, असे आमच्या गटातील तरुणांचे म्हणणे आहे. आम्ही अशी सेवा विकत घ्यावी का? (ऊस उत्पादक शेतकरी गट, जि. कोल्हापूर)

उत्तर : पुण्याच्या पत्राला उत्तर देताना मी जी लक्षणे सांगितली, ती सगळी आपल्या काट्याला लागू पडतात. यंत्र एका पक्षाच्या ताब्यात, पैसे दुसऱ्याचे, आणि संशय पिढ्यान्‌पिढ्यांचा, इतका की त्यासाठी मराठीत एक स्वतंत्र शब्दच रूढ झाला आहे. तरीही आपण घाई करू नये, असेच मी सुचवीन.

काट्यावर ट्रॉली चढल्यापासून पावती हातात येईपर्यंत काय घडते ते पाहावे. भरलेल्या ट्रॉलीचे वजन होते, ऊस गव्हाणीत उतरवला जातो, रिकामी ट्रॉली पुन्हा काट्यावर येते आणि दोन्हींतला फरक पावतीवर छापला जातो. ब्लॉकचेन या साखळीच्या अगदी शेवटी येते. छापलेला आकडा नंतर बदलला जाणार नाही, एवढे ती सांभाळेल. पण काट्याखालचा लोडसेल, म्हणजे वजन मोजणारा भागच कमी दाखवत असेल किंवा आकडा दाखवणाऱ्या इंडिकेटरमध्ये कुणी हात घातला असेल, तर तो खोटा आकडा कायमचा आणि अत्यंत सुरक्षितपणे जतन होईल. खोटे वजन घडते ते पावतीच्या आधी, आणि त्यावर इलाज काट्याची पडताळणी हाच आहे : वैधमापन विभागाकडून प्रमाणित वजने ठेवून केलेली अचानक तपासणी, काट्याचे सील शाबूत असणे आणि बाहेरच्या खाजगी काट्यावरचे वजन कारखान्याने मान्य करणे.

नोंदीचा उपयोग त्यानंतर सुरू होतो. दोन्ही वजने वेळेसह शेतकऱ्याच्या मोबाइलवर त्याच क्षणी आली आणि त्यांचा ठसा कारखान्याच्या हाताबाहेर कुठेतरी राहिला, तर हंगामाअखेर गटातील सर्वांच्या पावत्या आणि कारखान्याने दाखवलेले गाळप यांचा मेळ घालता येईल. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे पैसे १४ दिवसांत द्यायचे असतात. ती मुदत कधी सुरू झाली हेही अशा नोंदीवरून निर्विवाद ठरेल.

राहिला पैशांचा प्रश्न, आणि तो सर्वांत अवघड आहे. भांडण आहे, पण ते मिटवण्यासाठी खिशात हात घालणारा कोण? कारखान्याला सध्याच्या व्यवस्थेत अडचण नाही, शेतकऱ्याने दर टनामागे आणखी एक कपात सोसावी हे न्याय्य नाही. एखाद्या कारखान्याला ‘आमचा काटा चोख’ असे सांगून शेजारच्या कार्यक्षेत्रातील ऊस ओढायचा असेल, तर तो आपण होऊन खर्च करील. ऊस टंचाईच्या वर्षी असे घडू शकते. शासनाने बंधन घातले, तर सगळेच करतील. या दोन्हींपैकी काही होत नाही तोवर गटाने आपला पैसा सामाईक वजनकाट्यात घालावा, असे माझे मत आहे.

प्रश्न : आमच्या कंपनीला अशाच एका परदेशी सेवेचा प्रस्ताव आला आहे, पण त्यांचे शुल्क त्यांच्या स्वतःच्या टोकनमध्ये, म्हणजे त्यांनीच काढलेल्या आभासी चलनात, भरायचे आहे. लेखा विभाग म्हणून आम्ही काय पाहावे? (लेखा अधिकारी, मुंबई)

उत्तर : पहिली गोष्ट कराची. भारतात अशा आभासी मालमत्तेच्या हस्तांतरणातून होणाऱ्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, तोट्याची वजावट मिळत नाही आणि १ जुलै २०२२ पासून हस्तांतरणावर १ टक्का टीडीएसही आहे. तापमानाच्या नोंदींसाठी टोकन खरेदी करून ते खर्च करत बसणारी कंपनी दर महिन्याला आपल्या लेखापरीक्षकांना नवे काम लावील. पुण्याच्या वाचकांनीही हे लक्षात घ्यावे, कारण टोकनमध्ये दर सांगितला की भारतीय ग्राहकाच्या दारातून बाहेर पडायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

दुसरी गोष्ट, ती कंपनी कुणाच्या पैशावर चालते हे पाहावे. सेन्सरचे संदेश वाहून नेणाऱ्या हेलियम या जाळ्यात घरोघरी लहान रेडिओ यंत्रे बसवणाऱ्यांना टोकन मिळत असे, त्यामुळे अशी लाखो यंत्रे लागली. सेन्सरवाल्या ग्राहकाला मात्र २४ बाइटच्या एका संदेशाला ०.००००१ डॉलर इतकाच दर होता आणि संदेश पाठवणारे ग्राहक यंत्रांच्या मानाने फारच थोडे राहिले. एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी स्वतःची साखळी सोडून सोलाना या साखळीवर बस्तान हलवले. आपल्याला प्रस्ताव देणाऱ्या कंपनीचे उत्पन्न ग्राहकांच्या बिलांतून येते की टोकनच्या खरेदी-विक्रीतून, हे तिच्या ताळेबंदातून दिसेल. तो मागून घ्यावा. दर डॉलरमध्ये किंवा रुपयांत निश्चित करून वर्षाचे रीतसर बिल देण्यास ती तयार असेल, तर उरलेल्या अटी नाशिकच्या पत्राच्या उत्तरात दिल्या आहेत त्याच आपल्यालाही लागू पडतील.